पाचव्या बोराची जागा

कार्तिकातलं कोवळं ऊन अंगणभर पसरलं होतं आणि गोकुळदास सोप्यावर बसून लाकडी फावड्याला नवा दांडा बसवत होता. पाट साफ करायचे दिवस आले होते. झरीच्या तोंडापासून पहिल्या दगडी उंबऱ्यापर्यंत पाटाला लोखंड लावायचं नाही, असा धोंडवाड्याचा रिवाज होता. तेवढ्या वीस हातांतला गाळ लाकडानंच ओढायचा. हे काम गोकुळदासच्या घराकडे होतं, आणि हिवाळ्यातल्या वायंगण भाताला झरीचं पाणी पाळीपाळीनं वाटून द्यायचं कामही. त्याच्या आज्यानं ते केलं, बापानं केलं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तो करत होता.

अंगणाच्या तोंडाशी जीप थांबली. चष्मा लावलेला एक तरुण उतरला आणि त्याच्या मागून ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांचा, चाळिशीचा एक गडी.

"गोकुळदासबाब तुम्हीच ना? मी अविनाश. खाण कंपनीत आहे, जमिनीखालचं काय ते बघायचं माझं काम. आणि हे केरबा. बोर मारायच्या मशीनवर असतात."

त्याच्या बायकोनं, देवकीनं, चहा आणला, सोबत पाववाल्या पोदेरानं सकाळी टाकलेले उंडे. केरबानं एक उंडा दाताखाली धरला आणि तो तसाच धरून ठेवला.

"वयनी, ह्यो पाव हाय का बिट? मशीनला लावला तर डोंगूर फोडंल."

"चायेत बुडवन खावंक जाय तो," देवकी पदराआड हसली. "खंयचे तुमी?"

"गडहिंग्लजकडचा. तिकडं पाव मऊ, मानसं टणक. हितं उलटं दिसतंय."

अविनाशनं नकाशा उलगडला. झरीच्या वरच्या डोंगरावर गोकुळदासची काजूची जमीन होती. ती त्याचीच, असं अविनाश म्हणाला. पण तिच्या पोटातल्या खनिजाची सनद पोर्तुगीज अमदानीपासून दुसऱ्या कुणाच्या नावावर होती, आणि ती आता त्याच्या कंपनीकडे आली होती.

"म्हंजे काजी माजी आनी काजीचां मूळ तुमचां?" गोकुळदासनं विचारलं.

"मुळाच्या खालचं, बाब." अविनाश ओशाळला. "कायद्यानं आम्हाला हक्क आहे. पण मालकाला विचारल्याशिवाय मी कुठल्याही जमिनीत पाय ठेवत नाही. सहा ठिकाणी बोर मारायचेत. मनगटाएवढं भोक. नमुना काढला की आम्ही चाललो."

त्या 'विचारल्याशिवाय'नं गोकुळदासच्या मनात घर केलं. सुर्ल्याच्या बाजूला डोंगरच्या डोंगर सपाट झालेले त्यानं पाहिले होते. तिथं कुणी कुणाला विचारल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. हा पोरगा उंबऱ्याखाली चपला काढून बसला होता, देवकीच्या हातचा चहा पीत होता.

दाराशी त्यांचा मुलगा साईश उभा होता. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीचा त्याचा जन्म. अवजड गाडीचं लायसन येऊन त्याला महिना झाला होता.

"साहेब, टिपराक डायवर घेतत मरे तुमी?"

"साईश!" गोकुळदास म्हणाला. "आयल्या मनशाक चाय तरी पिवंक दी."

"अर्ज द्या ना," अविनाश म्हणाला. "मी पुढे पाठवतो."

मग सगळे डोंगरावर गेले. काजूंच्या ओळींतून केरबा खुंट्या ठोकत चालला. प्रत्येक खुंटीला तांबड्या कापडाची चिंधी. पाचवी खुंटी नेमकी डोंगराच्या देवाच्या, राखणदाराच्या पाषाणापाशी आली. शेंदूर नव्हता, घुमटी नव्हती. भेडशीच्या झाडाखाली एक उभा काळा दगड आणि त्याच्यापुढे वर्षाला एक नारळ.

"हंय नाका," गोकुळदास म्हणाला. "हंय आमी चलतना सुदीक पाय चुकयतो."

अविनाशनं वाद घातला नाही. नकाशावर बोट ठेवून तो म्हणाला, "या रेषेवर वीस मीटरच्या आत कुठंही चालेल मला. तुम्हीच सांगा, बाब. जमीन तुम्हाला माहीत."

जमीन त्याला माहीत होती खरी. तो पाषाणापासून उताराकडे पावलं टाकत गेला. एका जागी फळं धरणारी काजू आड आली, ती त्यानं सोडली; दुसरीकडे मुंग्यांचं वारूळ होतं, तेही सोडलं. मग गवत विरळ झालेली एक सपाट जागा लागली. झाड नाही, मूळ नाही. तिथं त्यानं टाच आपटली.

"हंय घाला."

केरबानं खुंटी उपटून तिथं ठोकली. खाली उतरल्यावर अविनाशनं कागद पुढे केला आणि गोकुळदासनं मराठी चौथीत गिरवलेल्या वळणदार अक्षरात, जीपच्या बॉनेटवर वाकून, सही केली. त्याला बरं वाटत होतं. आपल्या शब्दावर यंत्र हललं, राखणदाराच्या अंगाला धक्का लागला नाही.

*

बोराचं बिट तापतं, त्याला सारखं पाणी लागतं. टँकर चढणीवर चढेना. तेव्हा गोकुळदासनं आपल्या पाळीचं पाणी दिलं. "दुसऱ्या कोणाचो थेंब घेव नाकात," एवढंच त्यानं बजावलं. झरीखालच्या तळीत छोटा पंप बसला आणि काळी नळी काजूंमधून वर गेली.

रोज दुपारची पेज झाली की तो वर जाई. मशीनचा दणदणाट छातीत बसे, तरी तो जवळच दगडावर बसून राही. नळ्यांतून निघालेला डोंगर केरबा लाकडी खोक्यांत ओळीनं मांडत असे: आधी तांबडा जांभा, मग पिवळी मऊ शेडीची माती, मग पांढुरकी चिकट माती, आणि खाली निळसर काळी भुकटी.

"ह्यो बघा काका, तुमचा डोंगूर. काकडीवानी कापून ठेवलाय." केरबानं पांढुरक्या मातीचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "ही माती पाणी धरून ठेवतीया. तुमची झर हिच्या वरनं भाईर येती. ही नसती तर समदं पाणी ह्या काळ्या भुकटीत मुरलं असतं."

गोकुळदासनं तो तुकडा दोन बोटांत दाबून पाहिला. जन्मभर ज्या पाण्याच्या पाळ्या त्यानं वाटल्या, ते कशावर टेकलं आहे हे तो पहिल्यांदाच पाहत होता. घरच्या माणसाचं हाड उघड्यावर पडलेलं दिसावं तसं त्याला झालं. त्यानं तो तुकडा खोक्यात होता तिथं ठेवून दिला.

पाचव्या बोराच्या तिसऱ्या दिवशी केरबानं एकाएकी इंजिन बंद केलं. एरवी आत सोडलेलं पाणी गढूळ होऊन तोंडावाटे परत येई. आता ते येत नव्हतं. केरबानं नळी धरली, आणखी पाणी सोडलं, वाकून वाट पाहिली.

"गिळाय लागलाय," तो स्वतःशीच म्हणाला.

"कोण?"

"भोक, काका."

त्यानं मोबाइलवरून अविनाशला विचारलं. बोलताना तो गोकुळदासकडे पाठ करून उभा राहिला. उत्तर आलं : सत्तर मीटरचं ठरलंय, सत्तर करा. मशीन पुन्हा सुरू झालं. काम संपल्यावर केरबानं भोकावर गंजक्या डब्याचा पत्रा ठेवला आणि त्यावर दगड.

"सिमेंटनं भरायचं असतंय. पोती आली न्हाईत अजून. मागनं येतील." तो गोकुळदासच्या तोंडाकडे न बघता दोऱ्या गुंडाळत राहिला. "येतील म्हनलेत."

सहावा बोर झाला, मशीन दुसऱ्या डोंगराकडे गेलं. पोती आली नाहीत.

*

मार्गशीर्षात वायंगणाची लावणी झाली. देवकी, शेजारची सुशीला आणि वाडीतल्या पाचसहा बायका पोटऱ्याभर चिखलात ओळीनं मागं मागं सरत होत्या. संध्याकाळी देवकीच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. ती चुलीपुढे हात शेकत बसली तेव्हा गोकुळदासनं खोबरेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली. भाताचा एकूणएक तुकडा, सगळे कुणगे हिरवे झाले. राखणदाराला नारळ पोचला. दरवर्षीसारखंच सगळं होतं.

झरीच्या तळीला सात पायऱ्या. पौषात पाणी दुसऱ्या पायरीला असायचं. त्या पौषात ते आधी तिसरीला गेलं, मग चौथीला. एका सकाळी देवकी कळशी घेऊन आली आणि ती खाली न ठेवताच उभी राहिली.

"पानी सकल गेलां, काय माजे पाय आंखुड जाले?"

शेताच्या खालच्या अंगाला भिकाजीचे कुणगे होते. गोकुळदासच्या बरोबरीचा, जिभेचा तिखट. दोघं एकाच शाळेत एकाच पाटीवर गिरवलेले.

"गोकुळदासा," तो मेरेच्या बांधावरून ओरडला, "झर आटली, काय तू पानी घरात न्हेवन निजतंस? काल माज्या पाळयेक पाटात बेबो सुदीक बुडूंक नाय."

पाटात बेडूकही बुडत नाही म्हटल्यावर सगळे हसले. गोकुळदासही हसला. मग तो पाटाच्या कडेकडेनं तळीकडे, तळीकडून काजूंत, काजूंतून वर चालत गेला. पत्र्यावरचा दगड त्यानं बाजूला केला, पत्रा काढला आणि भर दुपारच्या उन्हात पोटावर पालथा होऊन भोकाला कान लावला.

आत पाणी वाजत होतं. खूप खोल नाही, जवळच. शेजारच्या खोलीत कुणीतरी कळशी उपडी करावी आणि ती रितीच होऊ नये, तसा तो आवाज. जन्मल्यापासून तो त्याच्या कानात होता; डोंगराच्या खालच्या अंगाला, तळीच्या तोंडाशी. आता तेच पाणी आत, काळोखात, खाली चाललं होतं.

किती वेळ तो तसा पडून होता त्याला कळलं नाही. उठला तेव्हा गालावर भोकाच्या काठाचा गोल वळ उमटला होता.

*

कंपनीच्या कचेरीत गुळगुळीत लादी होती. शिपायानं त्याच्या पायांकडे पाहिलं, आतून जुनं वर्तमानपत्र आणलं आणि बाकापुढे पसरलं. "हेच्यार पाय दवरा." गोकुळदास सकाळी नऊपासून त्या कागदावर पाय जुळवून बसला. तांबडी माती सुकून खपल्या पडू लागल्या तशा त्यानं त्या बोटानं गोळा करून खिशात टाकल्या. तीन वाजता अविनाशनं त्याला आत बोलावलं.

अविनाशनं सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून फाइल काढली आणि एक पान उघडून त्याच्यापुढे फिरवलं. इंग्रजीतल्या टंकलेल्या ओळी आणि खाली एक वळणदार मराठी सही.

"यात लिहिलंय, बिंदू पाच जमीनमालकाच्या विनंतीवरून हलवला. नवी जागा मालकानं स्वतः दाखवली." अविनाशचा आवाज खाली आला. "मी तुमच्याविरुद्ध म्हणून लिहिलं नव्हतं, बाब. नियम आहे, जागा बदलली की लिहावं लागतं."

"मी देवाखातीर सांगलां."

"मला माहीत आहे. मी तिथं होतो. पण कागदावर देव नाही."

"बरां. कागद ऱ्हांव. तां भोक बंद करा. आजच्या आज. पोती मी डोक्यार घेवन चडयतां."

"वर लिहिलंय मी. दोनदा. मंजुरी यायला हवी." अविनाशनं चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात ठेवला. "साईशचा अर्ज मी पाठवलाय. त्याचं होईल बहुतेक."

गोकुळदास उठला. दाराशी आल्यावर सवयीनं, आभाराचं म्हणून, त्याच्या तोंडून गेलं, "देव बरें करूं." आणि ते शब्द आपणच उच्चारले याची त्याला रस्ताभर लाज वाटत राहिली.

*

सिमेंट येईना, तेव्हा त्यांनी चिकणमातीनं भोक बुजवायचं ठरवलं. शेताच्या कोपऱ्यातली काळी चिकट माती गोकुळदास खणी, देवकी ती तुडवून लिंबाएवढे गोळे वळी, साईश पाट्या भरून डोंगर चढे. पहिल्या दिवशी भिकाजीसह वाडीतले दहाबारा जण आले. पाट्या हातोहात वर गेल्या, थट्टामस्करी झाली.

"डोंगराक उपास आसलो, म्हणान आज जेवण चड," भिकाजी म्हणाला आणि सगळ्यांनी गोळे टाकले.

टाकलेला गोळा कडेला घासत जाई, मग आवाज बंद होई. सगळे कान देऊन वाट बघत. तळ लागल्याचा आवाज येत नसे.

दुसऱ्या दिवशी चौघे आले. तिसऱ्या दिवशी घरचे तिघेच. सहाव्या दिवशी देवकीच्या टाचांच्या भेगांत माती जाऊन त्या चिरल्या. ती चवड्यांवर माती तुडवू लागली. साईशनं पाटी आपटली.

"बाबा, बस झालां. सत्तर मीटर आसा तां. म्हयनो घालल्यार भरूचां नाय."

"म्हयनो घालूया."

"आनी अर्जाचां बलावणां आयलां तर?"

गोकुळदास पुढचा गोळा टाकून ऐकत होता. त्यानं मान वर केली नाही.

रविवारी केरबा आला. सुट्टीच्या दिवशी, धुतलेला सदरा घालून, पाच कोस चालून. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं सदरा काढून काजूवर टांगला, सोबत आणलेला पोत्याचा बोळा दोरीनं भोकात सोडला, अडकला असं वाटताच त्यावर गोळे ठासायला लावले. दोन हात भरलं, तीन हात भरलं. देवकीनं हात जोडले. आणि मग आतून घुसमटल्यासारखा एक आवाज आला, दोरी केरबाच्या हातातून सर्रकन गेली आणि सगळं भरलेलं खाली बसलं. दोरीनं त्याचे तळवे सोलले होते.

तो मातीतच बसला.

"आत पोकळ झालंय काका. पाण्यानं कडा धुऊन न्हेल्यात. आता सिमेंट आलं तरी धरंल का न्हाई, मला न्हाई सांगता यायचं." त्यानं तळव्यांवरची माती झटकली. "पाणी परत येईना त्या दिशीच मला कळलं हुतं. मशीन बंद करून बसाय पायजे हुतं मी. बसलो असतो तर दुसरा कुनीतरी आला असता मशीनवर. घरी पोरगी कालिजात हाय, म्हनून न्हाई बसलो."

गोकुळदासनं काजूवरचा सदरा काढला, झटकला आणि केरबाच्या खांद्यावर ठेवला.

"चल. जेवल्याबगर जावचां नाय."

जेवताना केरबाला घास धरता येईना. देवकीनं त्याच्या तळव्यांना हळद लावली आणि भाताला चमचा दिला. तो मान खाली घालून जेवला, आणि ताटावरून उठताना त्यानं तिच्या पायांना हात लावला.

*

माघ लागला. तळीत पाणी सातव्या पायरीच्या खाली गेलं. जे उरलं ते मनगटाएवढं.

धोंडवाड्याचा दुसरा रिवाज असा, की पाणी पहिल्यांदा शेवटच्याला द्यायचं. सगळ्यांत खाली सरस्वतीचे दोन कुणगे, मग भिकाजीचे, तिथून वर येत येत शेवटी झरीलगतचे गोकुळदासचे चार. पाणी ज्याच्या हातात, तो शेवटचा. म्हणून कुणी कुणावर संशय घ्यायचा नाही. पाट भरून वाहत होता तोवर हा न्याय सरळ होता. आता मनगटाएवढी धार पाटात सुटे, सहाशे पावलं वाळू भिजवत जाई, आणि सरस्वतीच्या मेरेपर्यंत पोचायच्या आधी जिरून जाई. तिथं ती म्हातारी खोरं घेऊन उभी असे. ओलसर वाळू बघून घरी जाई. तिच्या कुणग्यांना भेगा पडल्या. भिकाजीच्या पडल्या.

"बाबा, धार आमच्या चार कुणग्यांक पावता," साईश म्हणाला. "सकल पावना. कोणाकच पावना तशें सोडून फायदो काय? आमचां तरी वाचूं दी."

"पयली पाळी सरस्वतीची."

"तिका पानी मेळना बाबा! वाळवेक मेळता!"

"मेळना तां माका दिसता." गोकुळदास पाटाकडे बघत म्हणाला. "पूण आडवन आपल्या शेतात घातलां तर तां मेळचांच नाय."

साईशनं कपाळाला हात लावला. आठवड्यानं त्याला कंपनीचं बोलावणं आलं. घडी घालून ठेवलेला कोरा निळा सदरा त्यानं घातला, आईला सांगितलं, आणि बाप गोठ्यात आहे असं पाहून अंगणातूनच म्हणाला, "जातंय." गोकुळदासनं आतून ऐकलं. "ये," तो म्हणाला. पण ते बैलांनाच ऐकू गेलं.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपार कलताना, गोकुळदास पाट बघायला गेला तर वरच्या मेरेत फूटभर खिंडार होतं. धार वळून त्याच्या पहिल्या कुणग्यात शिरत होती. भात पोटरीला आलं होतं. भेगांतून पाणी आत जाताना बारीक चुरचुर ऐकू येत होती. खिंडारापाशी देवकी उभी होती. हातांना कोपरापर्यंत चिखल.

"तू फोडलंस?"

"मी." ती हलली नाही. "आठ दीस माती तुडयली. पाय दाखयू तुमका? ह्या भाताक मी पोरासारक्या लायलां. एक दीस. एकच दीस पिवंक दिया तेका. सरस्वतीक मी सांगतां. तिचे पाय धरतां."

तो जागेवरच उभा राहिला. पाणी दोन हात आत गेलं, तीन हात गेलं. पिवळट पडलेल्या रोपांच्या बुंध्याशी माती काळी होत होती. त्या वेळी देवकीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं असतं, तर तिला कळलं असतं की तोही मनात मोजत होता: आणखी एक हात, आणखी एक.

मग त्यानं चपला काढल्या, खिंडारात उतरला आणि पायानं माती लोटून लोटून ते बुजवलं. वरून पाऊल दाबलं. देवकीनं तिथंच, कोरड्या पाटाच्या कडेवर बसून, हातांवरचा चिखल सोलायला सुरुवात केली. गोकुळदास तिच्यापासून चार हातांवर बसला. सूर्य काजूंच्या आड जाईपर्यंत दोघं तशीच बसली होती.

*

देवळाच्या मंडपात वाडा जमला. भिकाजीच्या पुतण्यानं वकिलाकडून अर्ज लिहून आणला होता. कंपनीनं कुणाला न विचारता, आपल्या मनानं, झरीच्या माथ्यावर बोर मारला, असं त्यात होतं. जमिनीचा मालक म्हणून पहिली सही गोकुळदासची हवी होती.

"कर सय," भिकाजी म्हणाला. "तुजां अक्षर बरां. जज्ज बघीत ऱ्हावतलो."

गोकुळदासनं पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"जागा मी दाखयली."

"कसली जागा?"

"बोराची. ते राखणदाराकडे घालतले आसले. मी म्हटलां, थंय नाका, हंय घाला. ह्या पायान दाखयली. तशें कागदार आसा, माजी सय आसा." त्यानं मंडपावर नजर फिरवली. "आनी मशिनीक पानी लागलां तांय माज्याच पाळयेचां."

भिकाजीनं तोंड उघडलं. नेहमीसारखा काहीतरी तिखट शब्द येणार असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं अर्जाची घडी घातली आणि पुतण्याच्या हातात दिली. खांबाला टेकून बसलेली सरस्वती तेवढी पुटपुटली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच तिला ते कळत नव्हतं.

"इतलो व्हडलो डोंगर, बाबा. दुसरी जागा नाय सापडली तुका?"

*

फाल्गुनात लोंबी बाहेर पडली ती पांढरीच. बोटांत दाबली तर चुरगळे, आत दूध नव्हतं. वरून मात्र शेत अजून हिरवं दिसत होतं. आणखी आठ दिवसांत तेही वाळून गुरांच्या कामाचं राहिलं नसतं.

दरवर्षी कापणी संपली, शेवटचा भारा खळ्यावर गेला, की गोकुळदास वरच्या मेरेवर उभा राहून हाक देई आणि मग वाडीतली गुरं मोकळ्या शेतांत सुटत. त्याची हाक होईपर्यंत एकही खूर मेर ओलांडत नसे. भिकाजी सकाळी सोप्यावर आला. मंडपातल्या दिवसानंतर पहिल्यांदाच. तो बसला नाही.

"वैरण तरी जांव दी," तो म्हणाला. "गुरां घेवन सगळी रावली आसत. तू हाक दिल्याबगर कोण सोडूचो नाय."

"तूच दी रे भिकाजी. माका नाका सांगू."

"मी कसो दितलो?" भिकाजीचा आवाज फाटला. "तुज्या घराची ती हाक. चल. चल मरे."

मेरेवर ऊन चढलं होतं. चारी बाजूंना माणसं दावी धरून उभी होती. सरस्वतीची एकच गाय, तीही आणली होती. देवकी आपल्या दोन बैलांना घेऊन पहिल्या कुणग्याच्या काठाशी थांबली होती. सगळ्यांचे डोळे गोकुळदासवर होते, आणि त्याच्या पुढे चाळीस कुणग्यांचं उभं हिरवं भात वाऱ्यावर हलत होतं.

त्यानं छाती भरून घेतली.

"शेतां मोकळी रेऽऽ! गुरां सोडाऽऽ!"

दावी सुटली. पण एकही जनावर पुढे झालं नाही. वासरू असल्यापासून हिरव्या भाताकडे मान वळवली की पाठीत काठी बसे, एवढंच त्या गुरांना माहीत होतं. ती मेरेवर खूर रोवून उभी राहिली, कान पाडून, माणसांच्या तोंडाकडे बघत. कुणीतरी हाकललं तर दोन पावलं मागं सरली. सरस्वतीची गाय हंबरली आणि घराच्या दिशेनं वळली.

गोकुळदास खाली उतरला. त्यानं थोरल्या बैलाची वेसण धरून ओढली. बैलानं मान ताठ केली. तेव्हा तो त्याच्या मागं गेला, दोन्ही तळवे त्याच्या मांड्यांवर टेकवले, डोकं त्याच्या पाठीला लावलं आणि सगळ्या अंगानं रेटू लागला. "चल," तो म्हणत होता, "चल रे. मारीना. कोण मारीना. चल, खा." देवकीनं पुढून वेसण घेतली. तिनं वाकून मूठभर भात उपटलं आणि बैलाच्या तोंडाशी धरलं. तो थरथरत होता. त्यानं हुंगलं, तिच्याकडे बघितलं आणि जीभ बाहेर काढली.

मग त्याचा पुढचा पाय मेरेवरून खाली, कुणग्यात पडला.